आर्डुइनो ओरिजिनल घ्यावं की कंपॅटिबल? बोर्ड घेताना या चुका टाळा

आर्डुइनो म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रोग्रॅम चढवून दिवे, मोटर, व्हॉल्व्ह चालवता येणारं छोटं सर्किट बोर्ड. तसंच बोर्ड दुसऱ्या कुणी बनवलं की ते कंपॅटिबल, पोरांच्या भाषेत डुप्लिकेट. सबमिशन तोंडावर आलं की इंजिनिअरिंगच्या पोरांचं एक वाक्य ठरलेलं असतं: "सर, डुप्लिकेट बोर्ड डेड निघालं, आता ओरिजिनलच घेतो." जालना असो, परभणी असो की लातूर, तक्रार तीच. बोर्ड हातात घेऊन तपासलं की बहुतेक वेळा ते ठणठणीत निघतं. कंपॅटिबल बोर्ड घेणं ही चूक नाहीच. त्यावर काय बसवलंय हे न बघता घेणं आणि नंतर सगळा दोष बोर्डावर ढकलणं, ही चूक आहे.

'नॉट इन सिंक' आलं म्हणून बोर्ड फेकणं

नॅनोवर (आर्डुइनोचं लहान मॉडेल) प्रोग्रॅम चढवताना हा एरर आला तर आधी आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये टूल्स मेनूतल्या प्रोसेसरमध्ये 'ओल्ड बूटलोडर' निवडा. ओरिजिनल नॅनोवर 2018 पासून नवा बूटलोडर (आपला प्रोग्रॅम बोर्डात उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) येतो, तो सेकंदाला 115200 बिटच्या वेगानं बोलतो. बऱ्याच कंपॅटिबल नॅनोंवर अजून जुनाच असतो, त्याचा वेग 57600. वेग जुळत नाही म्हणून एरर येतो, बोर्डाचं काहीही बिघडलेलं नसतं.

कॉम्प्युटरवर बोर्डाचा पोर्ट दिसत नाही

आधी केबल बदला. मोबाइलच्या चार्जरसोबत आलेल्या कित्येक केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. दुसरं कारण म्हणजे ड्रायव्हर. ओरिजिनल उनो आर3 वर (आर्डुइनोचं नेहमीचं मॉडेल) यूएसबीचं काम एटीमेगा16यू2 ही चिप करते, स्वस्त बोर्डांवर बहुधा सीएच340 असते. विंडोजला तिचा ड्रायव्हर लागतो, तो टाकला की पोर्ट दिसतो.

तरी शंका उरली तर माझी पद्धत अशी: रीसेट पिन ग्राउंडला जोडायची, टीएक्स (डेटा पाठवणारी) आणि आरएक्स (डेटा घेणारी) पिन एकमेकांना जोडायच्या, सीरियल मॉनिटर (सॉफ्टवेअरमधली बोर्डाशी बोलायची खिडकी) उघडून काहीतरी टाइप करून पाठवायचं. तेच अक्षर परत आलं तर केबल, ड्रायव्हर आणि यूएसबी चिप तिन्ही चांगल्या. एवढी तपासणी न करता दुसरं बोर्ड मागवणाऱ्या पोरांची मला खरंच काळजी वाटते, कारण दोष शोधायचा कसा हेच ती शिकत नाहीत.

12 व्होल्टची बॅटरी सरळ बोर्डाच्या पॉवर जॅकमध्ये

या चुकीनं मराठवाड्याच्या उन्हात सर्वांत जास्त प्रकल्प बंद पडतात.

अंबड तालुक्यातल्या एका मोसंबीवाल्याच्या पोरानं ठिबकचे दोन व्हॉल्व्ह चालवायची पेटी केली होती. सोलर पॅनल, चार्ज कंट्रोलर (पॅनलवरून बॅटरी जपून चार्ज करणारा), 12 व्होल्टची बॅटरी, कंपॅटिबल उनो आणि दोन रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारे स्विच). "भाऊ, रात्रभर बरोबर चालतंय, दुपारी आपोआप बंद पडतंय," असं म्हणत तो आला. गावात सगळ्यांनी सांगितलं होतं, डुप्लिकेट आहे म्हणून असं होतंय. त्यानं पैसे घालून ओरिजिनल उनो आणलं. दुपारी तेही बंद.

पेटी उघडली तर बॅटरी सरळ जॅकमध्ये. दुपारी चार्जिंग चालू असताना बॅटरीवर 14 व्होल्टच्या वर दाब असतो. बोर्ड आणि दोन रिले मिळून 0.2 अँपिअर ओढतात. 14 चे 5 करताना उरलेले 9 व्होल्ट बोर्डावरचा रेग्युलेटर (दाब उतरवणारा भाग) उष्णता करून सोडतो, म्हणजे जवळपास 2 वॅट. नखाएवढा रेग्युलेटर, हीटसिंक नाही, वर उन्हात तापलेली बंद पेटी. तो स्वतःला वाचवायला बंद होतो, निवला की परत चालू होतो. रात्री हवा गार आणि दाबही कमी, म्हणून तेव्हा तो तग धरतो. इथं ओरिजिनल-डुप्लिकेटचा काही संबंध नव्हता.

एलएम2596 चा बक कन्व्हर्टर (फार न तापता दाब उतरवणारं मॉड्यूल) लावला, मल्टिमीटरनं आधी बरोबर 5 व्होल्ट सेट केले आणि मगच 5 व्होल्टच्या पिनला जोडला. या पिनवर रेग्युलेटरचं संरक्षण नसतं, त्यामुळं घाई करायची नाही आणि त्याच वेळी यूएसबी लावायची नाही. मग त्याचं जुनं कंपॅटिबल बोर्डच परत बसवलं. ते चालू लागलं.

फरक पडतो तो वेगळ्या ठिकाणी. ओरिजिनल उनो आर3 च्या जॅकची मर्यादा 20 व्होल्ट सांगितलेली आहे. कंपॅटिबलवर बहुधा एएमएस1117 रेग्युलेटर असतो, त्याची मर्यादा 15. चार्ज कंट्रोलर न लावता पॅनल सरळ जोडलं तर उन्हात मोकळ्या पॅनलचा दाब 20 च्याही पुढं जातो, मग दोन्ही धोक्यात.

नाव बघून फसणं

आर्डुइनोचं डिझाइन खुलं आहे, कुणीही तसं बोर्ड बनवू शकतो. पण नाव आणि लोगो ट्रेडमार्क आहेत. स्वतःच्या नावानं विकणारा कंपॅटिबलवाला प्रामाणिक. कंपॅटिबलच्या भावात आर्डुइनोचा लोगो छापून देणाऱ्याकडून मी एक जंपरवायरसुद्धा घेणार नाही.

मुख्य चिपवरचा नंबर मोबाइलच्या कॅमेऱ्यानं मोठा करून वाचा. काही स्वस्त नॅनोंवर एटीमेगा328पी ऐवजी एलजीटी8एफ328पी असते. तिला सॉफ्टवेअरमध्ये वेगळं बोर्ड पॅकेज टाकावं लागतं.

मग घ्यायचं काय?

पहिलं बोर्ड ओरिजिनल घ्या, विशेषतः गावात विचारायला कुणी नसेल तर. पुढं कुठलंही कंपॅटिबल अडलं की तोच स्केच (आर्डुइनोचा प्रोग्रॅम) ओरिजिनलवर चढवून बघायचा, दोष कोडात की बोर्डात ते लगेच कळतं. बाकीची कंपॅटिबलच घ्या, पण वायरिंगच्या आधी प्रत्येकावर ब्लिंक (बोर्डावरचा दिवा लुकलुकवणारा तयार स्केच) चालवा आणि 5 व्होल्टची पिन मोजा. शेतात बसवणार असाल तर दोन घ्या. दुसऱ्यावरही तोच स्केच चढवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घरी ठेवा, म्हणजे ऐन पाण्याच्या पाळीत बोर्ड गेलं तरी बदलायला पाच मिनिटं लागतात.