मिशनगावातल्या युवा शिबिराला पहिल्यांदाच निघालात?

शहरातल्या चर्चच्या तरुण संघातून मे महिन्याच्या शिबिरासाठी नगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या मिशनगावांत, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मिशनच्या गावांत, पहिल्यांदा जाणारे कार्यकर्ते बहुतेक एकच गोष्ट विचारतात : कार्यक्रम काय ठेवायचा? गाणी, खेळ, नाटिका, संदेश यांची वही भरलेलीच असते. मी त्यांना सांगतो, वही जरा बाजूला ठेवा आणि आधी त्या गावचं वर्ष समजून घ्या. मुलं गावात कधी असतात, पाणी कधी येतं, घरात पैसा कधी असतो आणि कधी नसतो, हे कळल्याशिवाय आखलेलं शिबिर शहरातच राहतं, फक्त जागा बदलते.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकन मराठी मिशन या अमेरिकेतून आलेल्या ख्रिस्ती मिशनचं काम नगरला 1831 मध्ये सुरू झालं. नेवासे तालुक्यातलं वडाळा बहिरोबा, राहुरी अशी त्यांची जुनी ठाणी. 1970 मध्ये यातल्या मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्च, उत्तर भारत मंडळीत, म्हणजे सीएनआयमध्ये, सामील झाल्या. म्हणजे तुम्ही जिथे जाताय तिथला विश्वास चारपाच पिढ्यांचा आहे. तिथल्या आजीला तुमच्यापेक्षा जास्त स्तोत्रं पाठ असतील. शिकवायला निघालोय ही भावना घेऊन जाऊ नका.

तारीख ठरवणं सगळ्यांत अवघड. दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण शेवगाव-पाथर्डीकडची बरीच कुटुंबं त्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि मुलंही बरोबर जातात. ती परत येतात मार्च-एप्रिलमध्ये, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर. म्हणून मे बरा. पण मे म्हणजे लग्नसराई, सीईटी आणि नीटसारख्या परीक्षा, वर चाळीसच्या पुढे गेलेला पारा. पाळकसाहेबांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, विचारून मंडळीतल्या लग्नाच्या तारखा आधी लिहून घ्या. गावात लग्न असेल त्या दिवशी शिबिराला कोणी येत नाही आणि यावं अशी अपेक्षाही ठेवू नये.

महिनाभर आधी दोघातिघांनी एकदा गावी जाऊन या. फोनवर सगळं "होईल की" असंच ऐकू येतं. पाळकसाहेब आणि पाळकबाईंना भेटा, महिला मंडळाच्या प्रमुख मावशींना भेटा, सरपंचांनाही भेटा आणि पोलीस ठाण्यात शिबिराच्या तारखांचं साधं पत्र देऊन ठेवा. स्पीकर लावणार असाल तर रात्री दहाला बंद, हा कायदाच आहे. मग मिशन कंपाउंडमध्ये फिरा. वसतिगृहाच्या संडासांची दारं आतून लागतात का, मुलींच्या खोलीकडे जायच्या वाटेवर दिवा आहे का, हे स्वतः हाताने बघा. पाण्याची मोटर शेतीच्या लाइनवर आहे का, हे नक्की विचारा. असेल तर थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते, आणि एखाद्या आठवड्यात ती रात्रीची असते. अशा वेळी रात्री उठून टाकी भरायची जबाबदारी कोणाची, हे नावानिशी ठरवा. प्यायच्या पाण्यात मेडीक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं द्रावण) टाकायचंच.

जेवणाचं बाहेरच्या केटररकडे देऊ नका. गावातला आचारी आणि भाकऱ्यांना मंडळीतल्या बाया, त्यांना रोजची मजुरी ठरवून द्या आणि त्या त्या संध्याकाळी हातात द्या. ‘प्रभूची सेवा’ म्हणून फुकट राबवून घेणं मला अजिबात पटत नाही. भाकरीबरोबर भात असेल तर किलोभर तांदूळ दहाबारा जणांना पुरतो. वरण, पिठलं, मटकीची उसळ, सकाळी पोहे किंवा उप्पीट. यापलीकडे काही लागत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र कडक राहा. प्रत्येक मुलामुलीचं पालकांच्या सहीचं संमतिपत्र, त्यात आजार, चालू औषधं, घरचा फोन. कुठलाही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसणार नाही, समुपदेशनासाठीसुद्धा नाही. मुलींबरोबर रात्री महिला कार्यकर्त्या हव्यातच. पॉक्सो कायद्याची माहिती सगळ्यांनी आधी करून घ्यावी. शेजारच्या घरांतली, दुसऱ्या धर्माची मुलंही खेळायला येतात. त्यांच्या आईवडिलांना घरी जाऊन भेटा, काय शिकवलं जातं ते मोकळेपणाने सांगा, लेखी परवानगी घ्या आणि नाही म्हणाले तर तो नकार मान्य करा. आमिष आणि दबाव शुभवर्तमानाला शोभत नाहीत.

मे महिन्यात विंचू बाहेर पडतात. अंथरूण झटकून घालायचं, बूट झटकून पायात घालायचे. विंचू चावला तर मांत्रिक नको, पट्टी आवळणं नको, थेट ग्रामीण रुग्णालय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून या दंशाचे मृत्यू खूप घटले, पण गोळी वेळेत मिळायला हवी. जवळचं रुग्णालय किती लांब आहे, सर्पदंशावरचं इंजेक्शन तिथे आहे का, हे पाहणीच्या फेरीतच विचारून ठेवा. रुग्णवाहिकेचा 108 नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. उन्हाने गळपटलेल्या मुलासाठी लिटरभर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ.

आता बायबल अभ्यास. चार दिवसांसाठी मार्कचं शुभवर्तमान चांगलं, सोळाच अध्याय आहेत. पण एक तास तरी मत्तयाच्या विसाव्या अध्यायाला द्या, द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्याला, जिथे मालक शेवटच्या तासाला आलेल्यांनाही दिवसभराचीच मजुरी देतो. शहरात आपण यावर कृपेविषयी बोलतो आणि पुढे जातो. इथल्या मुलांना उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) म्हणजे काय, मुकादम हिशेब कसा करतो, एका कोयत्याला (ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला) दिवसाला किती टन पडतो, हे तोंडपाठ असतं. एका गटात मी विचारलं, शेवटच्या तासाला आलेल्यांना पूर्ण मजुरी मिळाली, हे बरोबर झालं का? मुलं तावातावाने नाही म्हणाली. नववीतली एक मुलगी पान उलटून म्हणाली, "दादा, त्यांना कोणी कामावर लावलंच नव्हतं, असं लिहिलंय. मग संध्याकाळी त्यांच्या घरी काय शिजलं असतं?" त्यानंतर अर्धा तास मी बोललो नाही, मुलंच बोलत राहिली. नाक्यावर कोणी न विचारल्यामुळे परत आलेल्या वडिलांविषयी, आगाऊ घेतलेल्या पैशांविषयी. तुम्ही तयारी करा ती अशा प्रश्नांची. उत्तरं लिहून नेऊ नका.

गाण्यांसाठी प्रोजेक्टर आणि हिंदी-इंग्रजी कोरस नसले तरी चालतील. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी याच नगर भागात राहून भजनं रचली, आणि ख्रिस्ती कीर्तनाची चालही इथे जुनी आहे. पेटी, ढोलकी, टाळ मंडळीत असतातच. गावातल्या वाजवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून पुढे बसवा, तुम्ही मागे बसून चाल शिका.

शेवटच्या दिवशी निघायच्या आत खर्चाचा हिशेब मंडळीसमोर वाचून दाखवा. मुलांची यादी पाळकसाहेबांकडे ठेवा आणि दसऱ्याच्या आसपास, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी, पुन्हा एकदा गावी जा. कोणती कुटुंबं कोल्हापूर-सांगलीकडे, कोणत्या कारखान्यावर चालली आहेत ते विचारा आणि तिकडच्या पाळकांना त्यांची नावं कळवा, म्हणजे फडावरच्या (ऊसतोडीच्या जागेवरच्या) मुलांची तिकडे कोणीतरी विचारपूस करेल.