इलेक्ट्रिक गाडीचे ॲप: टक्क्यांआधी वेळ पाहावी

गाडी आणि ॲप यांची पहिली जोडणी गाडीत बसून, मोबाइलला चांगली रेंज असलेल्या मोकळ्या जागी करावी. ॲपमध्ये खाते उघडून गाडीचा १७ अक्षरांचा चासी क्रमांक भरला, की अनेक गाड्यांच्या स्क्रीनवर एक कोड दिसतो आणि तो मोबाइलवर टाकला की काम होते. घरातल्या इतरांना मात्र आपला पासवर्ड देऊ नये. ॲपमधूनच स्वतंत्र परवानगी द्यावी, म्हणजे ती हवी तेव्हा काढून घेता येते.

ॲपवर दिसणारा बॅटरीचा आकडा त्याच क्षणाचा असेल असे नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. आपण दिलेली आज्ञा आधी कंपनीच्या सर्व्हरकडे आणि तिथून गाडीतल्या सिमकार्डामार्फत गाडीपर्यंत जाते, आणि गाडीची माहितीही त्याच वाटेने परत येते. गाडी तळघरात रेंजबाहेर उभी असेल, तर तिने शेवटी कळवलेला आकडाच ॲप दाखवत राहते. म्हणून ‘६४ टक्के’ वाचण्याआधी जवळच बारीक अक्षरांत दिलेली शेवटच्या अपडेटची वेळ वाचावी, आणि ती काल रात्रीची असेल तर गाडी रात्रभर चार्ज झाली असे गृहीत धरू नये. सारखे रिफ्रेश करणेही बरे नाही, कारण त्यामुळे झोपलेली गाडी दर वेळी जागी होते आणि थोडी थोडी वीज खर्च होत राहते.

चार्जिंगची मर्यादा बॅटरीचा प्रकार पाहून ठरवावी. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरी रोजच्या वापरात ८० टक्क्यांच्या आसपास थांबवणे तिच्या आयुष्याला हिताचे असते. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीच्या व्होल्टेजचा आलेख मात्र बराचसा सपाट असल्याने, म्हणजे चार्ज कमी-जास्त झाला तरी व्होल्टेज फारसे बदलत नसल्याने, शिल्लक चार्जचा अंदाज चुकत जातो, आणि तो जाग्यावर आणण्यासाठी ती अधूनमधून १०० टक्के भरावी लागते. निघण्याची वेळ ॲपमध्ये भरून ठेवली, तर प्लग लावलेला असतानाच गाडी आतून गार किंवा उबदार होते आणि त्यासाठीची बरीचशी वीज चार्जरकडून मिळते. माझ्या मते ॲपची सर्वांत उपयोगी सोय हीच.

ब्लूटूथवर चालणारी डिजिटल चावी रेंज नसतानाही दार उघडते, पण मोबाइल बंद पडला तर त्या चावीचा भरवसा धरता येत नाही, तेव्हा चावीचे कार्ड किंवा मूळ चावी सोबत असू द्यावी. गाडी विकताना नुसते ॲप डिलीट करून भागत नाही. खात्यातून गाडीच काढून टाकावी, आणि जुनी गाडी घेणाऱ्याने हे काम व्यवहाराच्या वेळी आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावे, नाहीतर गाडी कुठे उभी आहे ते आधीच्या मालकाला दिसत राहू शकते.