पॉर्नच्या सवयीवर उपचार घेताय? या चुका टाळा

समुपदेशनाला येणारे बहुतेक पुरुष खुर्चीत टेकायच्या आधीच निदान सांगून मोकळे होतात. "मॅडम, मला पॉर्नचं व्यसन आहे." बायकाही येतात, पण कमी, आणि फार उशिरा. मी सगळ्यांना आधी एकच विचारते: यामुळे तुमचं नक्की काय बिघडलं? या प्रश्नावर अनेक जण गप्प होतात. आठवड्यातून एखाद्या वेळी पाहणं, नोकरी व्यवस्थित, झोप व्यवस्थित, बायकोशी संबंध चांगले, फक्त पाहून झाल्यावर मनाला लागणारी टोचणी.

या टोचणीला आजार म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात 'कंपल्सिव्ह सेक्शुअल बिहेवियर डिसऑर्डर' आहे, आणि तो व्यसनांच्या यादीत नाही, आवेगावर ताबा न राहणाऱ्या विकारांत आहे. त्याची लक्षणं अशी: सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ हे वर्तन आयुष्याच्या मध्यभागी येऊन बसतं, तब्येत आणि जबाबदाऱ्यांची हेळसांड होते, थांबवायचे प्रयत्न पुन्हा पुन्हा फसतात, नुकसान दिसत असूनही, कधीकधी त्यात काही मजा उरलेली नसूनही, माणूस पाहतच राहतो. आणि निव्वळ 'हे पाप आहे' या भावनेतून येणारा त्रास निदानाला पुरेसा नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलं आहे. अशा माणसाला मदत लागतेच, पण ती अपराधीपणाबद्दल आणि लैंगिकतेच्या अपुऱ्या माहितीबद्दल. त्याला व्यसनी ठरवून सोडलं तर तो आणखी खचतो.

उलट टोकाचेही येतात. रात्री तीनपर्यंत पाहणं, सकाळची शिफ्ट चुकणं, ऑफिसच्या स्वच्छतागृहात फोन घेऊन बसणं, आणि तरी "टेन्शनमुळे होतं हो, एवढं काही नाही."

दिवस मोजत बसणं

ही चूक मी इतक्यांदा पाहते की तिच्यावर जरा सविस्तर लिहिते. नव्वद दिवस न पाहण्याचं चॅलेंज, फोनमध्ये दिवस मोजणारा काउंटर, 'डोपामिन रीसेट' (म्हणजे मेंदूतलं सुखाचं रसायन पुन्हा जागेवर आणायचा दावा). नव्वद या आकड्यामागे ठोस संशोधन नाही. तरी नव्याने सुरुवात करणाऱ्याला तोच हवा असतो, कारण त्यात शेवटची तारीख दिसते.

आयटीत काम करणारा एक तरुण असाच आला होता (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). काउंटर ७४ वर पोचला होता. एका शनिवारी रात्री त्याने वीसेक मिनिटं पाहिलं आणि आकडा शून्यावर आला. "आता तसंही सगळं गेलंच," असं म्हणून तो रविवारभर पाहत बसला आणि सोमवारी आजारी असल्याचं कळवून घरीच राहिला. वीस मिनिटांनी त्याचं फारसं बिघडलं नसतं. बिघडवलं ते त्या शून्याने. दारूच्या व्यसनावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी हा प्रकार फार पूर्वी नोंदवून ठेवला आहे: एकदा घसरलो, म्हणजे मी मुळातच नालायक, मग आता थांबायचं कशाला. लाज माणसाला थांबवत नाही. लाजेतून सुटायला तो पुन्हा त्याच स्क्रीनकडे जातो.

काउंटर काढायला लावला आणि त्याला एक साधी वही करायला सांगितली. ही माझी सवयच आहे. ऐकायला किरकोळ वाटते, पण मला तिच्याएवढं उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही. वहीत फक्त आधीचा अर्धा तास लिहायचा: कुठे होतो, जेवलो होतो का, कोणाशी काय बोलणं झालं, पोटात-छातीत काय वाटत होतं. 'आज पुन्हा हरलो' असलं काही लिहायचं नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत कागदावर चित्र उमटलं. जवळजवळ प्रत्येक वेळी आधी परदेशातल्या टीमबरोबरचा उशिराचा कॉल, त्यात ऐकलेली बोलणी, मग न जेवता लॅपटॉप घेऊन अंथरुणावर. इच्छा त्या साखळीच्या अगदी शेवटी येत होती. मग काम सोपं नाही, पण नेमकं झालं. कॉल संपला की आधी रूममेटबरोबर ताट वाढून घ्यायचं. लॅपटॉप बाहेरच्या खोलीत. आणि ओढ आलीच तर तिच्याशी झगडायचं नाही, ती शरीरात कुठे जाणवते ते बघत बसायचं. ओढ चढते, टिकते, आणि खतपाणी घातलं नाही तर ओसरते. पुढच्या एका महिन्यात त्याने एकदा पाहिलं, पुढच्याच सत्रात मान वर करून सांगितलं, आणि ते एकदावरच राहिलं. मी याला मोठं यश मानते.

ओढीशी न झगडता तिच्यासोबत बसायला शिकवणाऱ्या पद्धतीचं नाव अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत २८ पुरुषांना तिची बारा सत्रं दिली गेली आणि त्यांचं पाहणं पुष्कळ कमी झालं. चाचणी लहान आहे, पण दिशा बरोबर आहे. विचार आणि वर्तनाची साखळी तपासणारी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी) मीही वापरते. दोन्हींमध्ये बारा-पंधरा सत्रं लागू शकतात. तिसऱ्या सत्रानंतर "फरक वाटत नाही" म्हणून येणं बंद करणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते, कारण वहीतलं चित्र नेमकं त्याच सुमाराला दिसायला लागतं.

"लग्न लावून दिलं की सुटेल"

आई मुलाला घेऊन येते. मुलाची मान खाली. "मॅडम, स्थळं बघतोय आम्ही. लग्न झालं की आपोआप सुटेल ना?" नाही हो काकू, सुटत नाही. ही सवय बहुतेकदा शरीराच्या भुकेसाठी नसते. एकटेपणा, कंटाळा, राग, अपयश यांपासून लपायची ती जागा असते. लग्नाने ताण कमी होत नाही, नवीन येतात, आणि ज्या मुलीला काहीच माहीत नाही ती यात ओढली जाते. वर्षभराने तीच एकटी येऊन विचारते, "माझ्यात काही कमी आहे का?" हा प्रश्न ऐकवत नाही. म्हणून मी स्पष्ट सांगते, बघण्याचे कार्यक्रम काही महिने थांबवा.

लग्न आधीच झालेलं असेल तर बायकोला पहारेकरी करू नका. रोज रात्री तिने फोन तपासायचा, त्याने हिस्ट्री पुसायची, यात दोघंही थकतात आणि नवरा फक्त लपवण्यात तरबेज होतो. तिला दुखावल्यासारखं वाटतं, त्यासाठी तिला स्वतःचं वेगळं सत्र मिळायला हवं.

बाकीच्या चुका थोडक्यात. ब्लॉकर अ‍ॅप लावा, पण त्यालाच उपचार समजू नका, पासवर्ड तुम्हीच ठेवलेला असतो. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला आणि उशाशी साधं गजराचं घड्याळ, हा माझा आवडता उपाय. 'धातू गेल्यामुळे अशक्तपणा आला' असं सांगून चूर्ण विकणाऱ्यांकडे पैसे घालवू नका, वीर्यपतनाने अशक्तपणा येत नाही. पहिल्या सत्रात 'कधीतरी पाहतो' असं सांगू नका, उपचार तुम्ही सांगितलेल्या आकड्यावरच आखला जातो.

आणि मनोविकारतज्ज्ञांना टाळू नका. नैराश्य, ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती थांबवता न येणं), एडीएचडी (लक्ष न टिकणं, उतावळेपणा) यांपैकी काही खाली दडलेलं असेल तर नुसत्या बोलण्याने भागत नाही. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) काही औषधांनी, उदाहरणार्थ प्रॅमिपेक्सोलने, आवेगांवरचा ताबा सुटू शकतो. वडिलांच्या वागण्यात अचानक असा बदल दिसला तर ओरडण्याआधी त्यांच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, पण गोळी परस्पर बंद करू नका. मानसशास्त्रज्ञ निवडताना आरसीआयची (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी विचारा, विचारण्यात संकोच नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुम्हाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आणि जवळपास कोणीच नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.