टाकून दिलेलं कपाट उचलण्याआधी त्याची कड बघा

कुणीतरी बाहेर काढून ठेवलेलं कपाट लांबून अस्सल लाकडी वाटतं आणि घरी आणल्यावर कळतं की आत भुशाचा बोर्ड आहे, वर नुसता कागद. ही हमाली वाचवायची तर जागेवरच दोन मिनिटं द्या.

१. फळीचं टोक आणि मागची बाजू बघा. अस्सल लाकडात वरच्या रेषा टोकापर्यंत पोचून खाली उतरतात. बोर्डाची पट्टी कोपऱ्यात सुटलेली असते, आत भुसा दिसतो. पाणी लागून फुगलेला बोर्ड तिथेच सोडा, तो परत बसत नाही.

२. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. कोपऱ्यात लाकडाचे दात एकमेकांत अडकवलेले दिसले, तर पॉलिश कितीही उडालेलं असो, विचारून उचलाच. हाताने असं काम करायला हात बसलेला लागतो.

३. ड्रॉवरच्या पिवळ्या मुठीला चुंबक लावा. चिकटला तर लोखंडावरचा मुलामा. नाही चिकटला तर मागून बारीक ओरखडा काढा. खालीही पिवळं निघालं तर बहुधा पितळ.

गादी आणि सोफ्याला मी हातच लावत नाही. लाकडाचेही सांधे, स्क्रूची भोकं टॉर्च मारून तपासा. काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकणांची शंका घ्या आणि वस्तू घरात आणू नका.