फोर बाय फोर की ऑल व्हील ड्राइव्ह? मुंबईत गाडी चालवताना या चुका टाळा

‘चारही चाकांना ताकद मिळते’ एवढं सांगून सेल्समन दोन्ही गाड्या एकाच माळेत ओवतो. खरेदीपुरतं ते ठीक आहे, पण गाडी चालवायला लागल्यावर हाच गैरसमज महागात पडतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाऊस लागला की थार किंवा जिमनीसारखी फोर बाय फोर गाडी ‘फोर एच’मध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या मोडमध्ये) टाकायची आणि पाऊस थांबला तरी तशीच चालवायची. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा लांबचं अंतर कापतात. या गाड्यांत फोर एच लावलं की ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरबॉक्स) पुढचा आणि मागचा शाफ्ट, म्हणजे चाकांकडे ताकद नेणारे दांडे, एकमेकांना जखडते. दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नाही. चिखलात किंवा वाळूत चाक जरा घसरतं आणि हिशेब जुळतो. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, म्हणून सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो.

टॉवरच्या पार्किंगमध्ये हे लगेच कळतं. रॅम्पवर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर किंचाळतात, स्टिअरिंग जड होतं आणि मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी गाडी अडखळत चालते. मग लोक अलाइनमेंटला पैसे घालतात. आधी मीटरवर फोर बाय फोरचा दिवा लागलाय का, ते बघा. लिव्हर टू एचमध्ये (फक्त मागच्या चाकांच्या मोडमध्ये) परत येत नसेल तर ओढाताण नको. स्टिअरिंग सरळ करा, गाडी सावकाश थोडी रिव्हर्स घ्या. ताण सुटला की लिव्हर सहसा मुकाट्याने येते. फोर एल (कमी वेगात जास्त जोर देणारा मोड) मात्र गाडी उभी करूनच लावायचं.

मारुतीच्या ग्रँड व्हिटाराच्या ऑल व्हील ड्राइव्हचं गणित वेगळं. एरवी ताकद मुख्यतः पुढच्या चाकांना जाते. ती घसरली, की कपलिंग, म्हणजे मागची चाकं आपोआप जोडणारा क्लच, मागच्या चाकांना वाटा देतं. त्यामुळे फ्रीवेवर काय, घाटात काय, तुम्हाला काही करावं लागत नाही. पण फोर एल नाही, हे विसरून लोक अलिबाग-रेवदंड्याकडच्या मऊ वाळूत गाडी घालतात (कित्येक किनाऱ्यांवर गाडी न्यायला मुळात बंदीच आहे, पण तो विषय वेगळा). रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबत बसलात तर कपलिंग तापतं आणि गाडी स्वतःच मागची चाकं सोडून देते. ते बिघडलेलं नसतं. थांबा, गार होऊ द्या, चाकांपुढची वाळू उकरा, टायरमधली हवा कमी करा आणि लॉक मोड (मागच्या चाकांनाही ताकद देत राहणारा) लावून हळूच निघा. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरायला विसरू नका.

टायरमधली काटकसर ऑल व्हील ड्राइव्हला अजिबात सोसत नाही. दोन नवे, दोन झिजलेले टायर म्हणजे दोन वेगळे व्यास. वळण नसतानाही फरक पडत राहतो आणि कपलिंगला विश्रांती मिळत नाही. चारही एकदम बदला. गाडी बंद पडली तर दोन चाकं उचलून टोचन लावणाऱ्यालाही थांबवा आणि फ्लॅटबेड मागवा, भले तासभर जास्त जावो.

ब्रेकला या कशाचाच उपयोग नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चार चाकांवर असतात.

पाण्याचंही तसंच. मिलन सबवेत किंवा हिंदमात्याला पाणी भरलं की गाडी वाचते ती इंजिन हवा किती उंचीवरून घेतं त्यावर. पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

सेकंडहँड थार घेताना तर डोळे उघडे ठेवा. 2023 पासून ती फक्त मागच्या चाकांवर चालणारी म्हणूनही मिळते आणि बाहेरून फारसा फरक कळत नाही. दार उघडून गिअरच्या बाजूला दुसरी छोटी लिव्हर आहे का बघा. असली तर मोकळ्या मातीच्या जागेवर फोर एच आणि फोर एल दोन्ही लावून गाडी फिरवा. मुंबईत बरेच मालक वर्षानुवर्षं त्या लिव्हरला हातही लावत नाहीत आणि ती जाम होते. तशी निघाली तर आधी मेकॅनिकला दाखवा, भावाचं मग बोला.