दार उघडले तरी कुत्रा आतच थांबावा म्हणून

बेल वाजते, कुरिअरसाठी आपण दार जेमतेम उघडतो आणि कुत्रा पायांतून निसटून थेट जिन्यात! ओरडून उपयोग होत नाही, कारण धावल्याबरोबर त्याला हवे ते मिळालेले असते: मोकळी जागा, नवे वास, माणसे. म्हणून त्याला एवढेच कळू द्यायचे की धावले की दार बंद होते आणि थांबले की उघडते.

कुत्रा फिरून आला, घर शांत आहे, अशा वेळी सराव करा. गळ्यात पट्टा, लीश घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे जवळ ठेवा.

१. दारापासून चार-पाच फुटांवर सतरंजीचा तुकडा टाका. ही त्याची जागा. तिथे बसवून ‘थांब’ म्हणा, खाऊही तिथेच द्या. दाराजवळ दिलात तर तो दाराकडेच सरकणार.

२. कडीला नुसता हात लावा. बसून राहिला तर तुकडा. उठला तर हात मागे घ्या आणि न रागावता पुन्हा बसवा.

३. आता कडी वाजवा. मग दार बोटभर उघडा, मग वीतभर, मग पूर्ण. तो उठू लागताच दार लावून घ्या, पण नाक चेंगरणार नाही इतक्या सावकाश. लागोपाठ दोनदा चुकला तर आधीच्या टप्प्यावर या. घाई होते ती इथेच. वीतभर दार जमले की लोक लगेच सताड उघडून बघतात.

४. तुम्ही उंबरठा ओलांडून परत या. तो बसलेला असेल तर भरपूर कौतुक.

५. फिरायला नेतानाही आधी थांबवा आणि ‘चल’ म्हटल्यावरच बाहेर काढा. इथे खाऊ लागत नाही, फेरफटका हेच बक्षीस.

बेलचा सराव वेगळा करा, कुणालातरी बाहेरून वाजवायला सांगून. एका वेळी पाच मिनिटे पुरे. मुले, आजी, कामवाल्या मावशी सगळ्यांनी तेच शब्द वापरावेत. तोवर सेफ्टी डोअर लावलेलेच ठेवा. दिवाळीत फटाक्यांनी बिथरलेल्या कुत्र्याकडून शिस्तीची अपेक्षा नको. तेव्हा दार उघडण्याआधी त्याला आतल्या खोलीत ठेवा.

तरीही सुटलाच, तर मागे धावू नका, त्याला तो खेळ वाटतो. हाक मारत उलट्या दिशेने पळा, बहुतेकदा तोच मागे येतो. आल्यावर फटका मुळीच देऊ नका, नाहीतर पुढच्या हाकेला तो जवळ येणार नाही.