अवकाळीनंतर पांदणीने जाताना

डिसेंबर-जानेवारीत अवकाळी पाऊस झाला, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पांदण (शेतात जायची कच्ची वाट) वरून वाळलेली दिसते. फसू नका. काळी माती पाणी पिऊन फुगते. वर पापुद्रा धरतो, खाली चिखल लोण्यासारखा. मोटारसायकल गावातच ठेवा. धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गवतातून पायी जा, हातात जाड काठी घ्या (तुराटी नको, ती मोडते) आणि आधी टोचून मगच पाऊल टाका. चप्पल रुततेच, त्यापेक्षा गमबूट बरे.

कठडा नसलेल्या विहिरीची कड अशा वेळी ढासळते, तिच्याजवळून जाऊच नका. विजेची तुटलेली तार दिसली तर लाईन बंदच असेल असं धरू नका. लांब थांबा, वीज तक्रारीच्या १९१२ नंबरवर कळवा. ढग गडगडले की झाडाखाली उभं राहू नका, थेट घर गाठा. कापूस वेचायचा राहिला तरी चालेल.